दोरी कोणाला दिसावी?

एखादी वस्तू डोळ्यांना दिसत नाही, हा तिचा गुण कसा ठरतो, याचा विचार करण्याची उसंत बाजारपेठ आपल्याला देत नाही. दिसू नये अशी शिवण, दिसू नयेत अशा चष्म्याच्या कडा, दिसू नये असा केसांचा कलप, अशा जाहिराती आपण रोज वाचतो आणि मान डोलावतो. या मालिकेत एक वस्तू अशी आहे, की तिच्या न दिसण्यासाठी उत्तर अमेरिकेतील थंड प्रदेशांत दर हिवाळ्यात माणसे पदरचे डॉलर मोजतात आणि त्या न दिसण्याचा त्रास मात्र स्वतःच सोसतात. ती वस्तू म्हणजे गोठलेल्या तळ्यावर गळ टाकण्याची दोरी. कोकणपट्टीतील लोक जिला तंगूस म्हणतात, तीच. तिचा रंग कोणता असावा, एवढाच या लेखाचा विषय आहे.

विषय ऐकून आमच्या काही ज्येष्ठ सभासदांच्या कपाळाला आठ्या पडतील, याची कल्पना आहे. माशाचे नाव घेताच उठून जाणारी घरे आपल्यात आहेत, तशी माशावाचून जेवण गोड न लागणारीही आहेत. दोघांनाही सांगणे एवढेच, की गळाचा विचार हा विद्वज्जनांच्या पंक्तीला न शोभणारा विचार नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने १२ व्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये मत्स्यविनोदाला स्वतंत्र स्थान दिलेले आहे. कोणत्या माशाला कोणते आमिष लावावे, इथवरचा तपशील त्यात येतो. बेळगावकडच्या आणि हैदराबादकडच्या वाचकांना कल्याणी काही फार दूर नाही. शिवाय आता प्रश्न ग्रंथापुरता राहिलेला नाही. शिंदे, होळकर, गायकवाड यांच्या पदरी राहिलेल्या घराण्यांचे पणतू आज मिनियापोलिस, डेट्रॉइट आणि टोरांटो येथे घरे करून राहिले आहेत. तेथील शेजाऱ्यांबरोबर ते डिसेंबर-जानेवारीत तळ्यावर जातात, दुकानातून दोरी आणतात आणि आपल्याला दूरध्वनीवर मोठ्या कौतुकाने सांगतात, "बाबा, ही दोरी माशाला दिसतच नाही!" या वाक्याला माझा विरोध आहे.

माझे म्हणणे आरंभीच स्वच्छ मांडतो. बर्फावरील मासेमारीत दोरीचा रंग मुख्यतः माणसाच्या डोळ्यासाठी निवडावा, माशाच्या डोळ्यासाठी नव्हे. माशाची समजूत घालायची असेल, तर ती दोरीच्या शेवटच्या दोन-तीन फुटांत आणि तिच्या जाडीत घालावी. संपूर्ण दोरीच 'अदृश्य' असली पाहिजे, हे जे मत दुकानांतून आणि वेष्टनांवरून पसरवले गेले आहे, ते पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने अर्धवट, व्यापाराच्या दृष्टीने अप्रामाणिक आणि सार्वजनिक हिताच्या दृष्टीने घातक आहे. हे तीन आरोप क्रमाने सिद्ध करतो.

त्याआधी हा उद्योग चालतो कसा, हे ज्यांनी पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे भाग आहे. एकट्या मिनेसोटा राज्यात दहा एकरांहून मोठी अशी ११,८४२ तळी आहेत. पाणी सर्वांत जड असते ते ४ अंश सेल्सिअसला. त्याहून थंड झालेले पाणी हलके होऊन वर राहते आणि तेच गोठते; तळाशी मात्र चार अंशांच्या आसपासचे पाणी उरते आणि मासे तेथे हिवाळा काढतात. नवा, स्वच्छ, पारदर्शक बर्फ निदान ४ इंच जाड झाल्याशिवाय त्यावर पायी जाऊ नये, आणि बर्फ पांढरट असेल तर दुप्पट जाडी धरावी, असे तेथील नैसर्गिक संसाधन खात्याचे सांगणे आहे. एवढा बर्फ झाला, की सुताराच्या गिरमिटासारखे, पण छातीएवढ्या उंचीचे गिरमीट घेऊन लोक त्यात ताटलीएवढे भोक पाडतात. दोन-अडीच फुटांची आखूड काठी, तिच्यावर लहानसे रीळ, बारीक दोरी, टोकाला गळ आणि आमिष, एवढी सामग्री. उन्हाळ्यात मिनेसोटात एका माणसाला एकच दोरी टाकता येते; बर्फावर दोन टाकण्याची मुभा आहे. म्हणून पुष्कळजण एक काठी हाती धरतात आणि दुसऱ्या भोकावर 'टिप-अप' नावाची चौकट ठेवतात. माशाने दोरी ओढली, की तिच्यावरचे निशाण उभे राहते.

यातील एक गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढचा सारा युक्तिवाद तिच्यावर उभा आहे. माशाच्या अंगाची ऊब सभोवतालच्या पाण्याएवढीच असते. चार अंशांच्या पाण्यात त्याचे सर्व व्यवहार मंदावलेले असतात. तो आमिषावर झडप घालत नाही. जवळ येतो, थांबतो, हळूच तोंडात घेतो आणि पुष्कळदा तसाच थुंकून टाकतो. हाताला हिसका बसतच नाही. काठीचे टोक किंचित लवते किंवा दोरी अर्धा इंच बाजूला सरकते, एवढीच काय ती वर्दी. कधी मासा आमिष घेऊन वर उचलतो, तेव्हा तर दोरी ताणली जाण्याऐवजी सैल पडते. ही वर्दी हाताला लागत नाही, कानाला लागत नाही. ती डोळ्यालाच कळते. आणि ज्या वस्तूवर डोळा ठेवायचा, तीच वस्तू डोळ्याला दिसू नये अशी विकत घ्यायची! या व्यवहाराला काय म्हणावे?

आता पहिला आरोप. 'लाल दोरी पाण्यात नाहीशी होते' या दाव्याचा या शतकाच्या आरंभी फार बोलबाला झाला आणि आजही तो ऐकू येतो. दाव्याच्या मुळाशी एक खरी गोष्ट आहे. स्वच्छ पाणी लाल प्रकाश सर्वांत आधी शोषून घेते. पाच मीटर खोलीवर त्याचा अल्पसाच अंश उरतो आणि निळा प्रकाश मात्र बराच खोल जातो. इथवर ठीक. पण यावरून लाल दोरी नाहीशी होते, हा निष्कर्ष निघत नाही. लाल वस्तू लाल दिसते, कारण ती लाल प्रकाश परत फेकते व इतर रंग गिळते. लाल प्रकाशच उरला नाही, तर तिच्यापाशी परत फेकायला काही राहत नाही आणि ती काळी दिसते. काळी होणे आणि नाहीशी होणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. तिन्हीसांजेनंतर दारावरचे लाल तोरण काळपट दिसते. म्हणून तोरण चोरीला गेले, असे कोणी म्हणत नाही. उजळ पार्श्वभूमीवर काळी रेघ तर उलट अधिक ठळक दिसते.

दुसरे असे, की हा सगळा हिशेब स्वच्छ पाण्याचा आहे. उत्तर मिनेसोटातील कित्येक तळ्यांचे पाणी भोवतालच्या पाणथळींतून झिरपलेल्या वनस्पतींच्या अर्कामुळे चहाच्या कोऱ्या काढ्यासारखे तांबूस असते. अशा पाण्यात निळा व जांभळा प्रकाश आधी संपतो आणि खोलवर पोचतो तो पिवळा, नारिंगी व तांबडाच. म्हणजे जेथे ही दोरी 'नाहीशी' व्हायची, तेथेच ती तिच्या मूळ रंगात दिसण्याची शक्यता सर्वांत अधिक! तिसरे, ज्या माशासाठी मिनेसोटातील माणूस सर्वांत जास्त जीव टाकतो त्या वॉलआयच्या डोळ्यांत हिरव्या आणि नारिंगी-तांबड्या प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या पेशी असल्याचे संशोधनाने दाखवून दिले आहे. शिवाय त्याच्या डोळ्यामागे मांजराच्या डोळ्यात असतो तसा प्रकाश परतवणारा पडदा असतो. जो रंग त्याला बऱ्यापैकी कळतो, नेमक्या त्याच रंगाच्या आडोशाला लपण्याचा हा सल्ला आहे.

चौथा मुद्दा बर्फाचा. ताजे हिम आपल्यावर पडलेल्या प्रकाशापैकी ८० ते ९० टक्के प्रकाश परत फेकते. बर्फावर हिमाचा चांगला थर बसला, की खाली भरदुपारी संधिप्रकाश असतो. अशा अंधुक उजेडात डोळ्यातील रंग ओळखणाऱ्या पेशी थकतात आणि केवळ उजेड-अंधार जाणणाऱ्या पेशी काम करतात. हे माणसाला लागू आहे, तसेच माशालाही. तेथे तांबडे, हिरवे, निळे हा भेदच उरत नाही. उरतो तो गडद आणि फिकट एवढाच. मग वरच्या दुकानात सात रंगांच्या सात रिळांपुढे उभे राहून कोणता रंग माशाला दिसणार नाही, असा खल करणाऱ्या माणसाची कीव करावी, की त्याला तो खल करायला लावणाऱ्याचे कौतुक करावे?

आता पारदर्शक दोरीकडे वळू. हिचा युक्तिवाद अधिक सुशिक्षित आहे आणि आपल्या घरांतील अभियंते बहुधा यालाच बळी पडतात. पारदर्शक वस्तू द्रवात दिसेनाशी व्हायची, तर दोघांचा अपवर्तनांक समान असावा लागतो. प्रयोगशाळेतील विशिष्ट काचेची कांडी ग्लिसरीनमध्ये बुडवली, की ती जवळजवळ नाहीशी होते, हा प्रयोग अनेकांनी पाहिला असेल. पाण्याचा अपवर्तनांक सुमारे १.३३, साध्या नायलॉनचा सुमारे १.५३ आणि फ्लुओरोकार्बन म्हणून जी महाग दोरी विकली जाते तिचा सुमारे १.४२. म्हणजे नायलॉन आणि पाणी यांतील अंतर ०.२० होते, ते नव्या दोरीने ०.०९ वर आणले. अंतर निम्म्याहून कमी झाले, हे मी मोकळ्या मनाने मान्य करतो. पण निम्म्याहून कमी म्हणजे शून्य नव्हे. शून्य झाल्याशिवाय 'अदृश्य' हा शब्द वापरता येत नाही. 'थोडी कमी दिसणारी' असे म्हणावे लागते, आणि तसे छापले तर रीळ तेवढ्या किमतीला खपत नाही.

खेदाची गोष्ट ही, की फ्लुओरोकार्बनपाशी खरे गुण आहेत आणि ते मागे पडले आहेत. त्याची घनता सुमारे १.७८ आहे, म्हणून ती दोरी पाण्यात चटकन बुडते आणि हलके आमिषही सरळ खाली नेते. ती पाणी जवळपास शोषत नाही. नायलॉन थोडे शोषते आणि विणलेली दोरी तर धाग्यांच्या मध्ये पाणी धरून ठेवते, ते बाहेरच्या थंडीत गोठते आणि दोरी तारेसारखी ताठ होते. बर्फाच्या भोकाच्या धारदार कडेवर घासूनही फ्लुओरोकार्बन बरे टिकते. बर्फावर उभ्या असलेल्या माणसाला या तीन गोष्टींचा उपयोग आहे. त्या सांगून दोरी विकली असती, तर माझी काही तक्रार नव्हती.

येथे माझ्या जुन्या नोकरीचा एक संस्कार बोलतो, तो वाचकांनी सोसावा. आमच्याकडे ज्याला नापतौल म्हणतात, त्या वजनमापे खात्यात माझी हयात गेली. वेष्टित वस्तूंच्या १९७७ च्या नियमांपासून २०११ च्या नियमांपर्यंत, पुडक्यावर काय छापलेच पाहिजे, हे पाहणे आमचे काम होते: आतल्या मालाचे माप, किंमत, महिना, बनवणाऱ्याचे नाव. त्या कामाने एक खोड लावली. वेष्टनावरचा प्रत्येक शब्द वाचायचा आणि विचारायचे, याचे माप काय? दोरी १०० यार्ड आहे म्हणता, टेप लावून पाहता येते. चार पौंडांपर्यंत तुटत नाही म्हणता, काट्याला टांगून पाहता येते. जाडी अमुक म्हणता, तीही मोजता येते. 'अदृश्य' या शब्दाचे एकक कोणते? कोणत्या पाण्यात, किती खोलीवर, किती उजेडात, कोणत्या माशाला? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर जो शब्द देत नाही, तो माल विकतो, माहिती देत नाही. माझा दुसरा आरोप हाच. खोटे माप देणारा निदान पकडता येतो. ज्याने मापच दिले नाही, त्याला पकडायचे कसे?

याबाबतीत जुने लोक अधिक प्रामाणिक होते. १४९६ साली इंग्लंडात गळाच्या मासेमारीवर एक छोटी पुस्तिका छापली गेली. त्या वेळी दोरी घोड्याच्या केसांची असे. ती कशी रंगवावी, हे सांगताना त्या पुस्तिकेत एकच एक रंग दिलेला नाही. हिरवा, पिवळा, तपकिरी असे निरनिराळे रंग दिले आहेत आणि कोणता रंग कोणत्या ऋतूत, कोणत्या पाण्यात वापरावा, हेही सांगितले आहे. १७ व्या शतकातील आयझॅक वॉल्टन यानेही दोरी रंगवण्याची कृती दिली आहे. म्हणजे पाणी पाहून रंग ठरवावा, एवढे शहाणपण पाचशे वर्षांपूर्वी होते. सर्व पाण्यांत, सर्व ऋतूंत, सर्व माशांपासून लपणारी एकच दोरी ही कल्पना पाण्याकाठच्या माणसाला सुचलेली नाही, ती गल्ल्यामागे बसलेल्या माणसाला सुचली आहे.

प्रतिपक्षाची बाजू दुबळी करून मांडणे मला आवडत नाही. म्हणून त्यांचा सर्वांत बळकट मुद्दा मीच मांडतो. ते म्हणतील, उन्हाळ्यात मासा धावत्या आमिषाचा पाठलाग करतो, त्याला विचार करायला वेळ नसतो. हिवाळ्यात आमिष एका जागी लोंबकळते आणि मासा त्याच्यासमोर खुशाल थांबून ते निरखतो. पाणी हिवाळ्यात निवळलेले असते. ट्राउट, पर्च, ब्लूगिल यांची नजर तीक्ष्ण असते. हिम नसलेल्या काचेसारख्या बर्फाखाली, उथळ पाण्यात, भर उन्हात चकाकणारी पिवळी-हिरवी दोरी थेट गळापर्यंत नेली, तर मासा बिचकेल. हे सारे मला मान्य आहे. पण यावरून सिद्ध काय होते? आमिषाजवळचा तुकडा ठळक नसावा, एवढेच. मासा तोंडासमोरचा फूट-दोन फूट पाहतो. बर्फाच्या वर काठीपासून भोकापर्यंत असलेली दोरी तो पाहत नाही, ती आपण पाहतो. म्हणून रंगीत दोरीच्या शेवटी दोन-तीन फूट बारीक पारदर्शक तुकडा गाठीने जोडावा. तिकडे त्याला लीडर म्हणतात. तो तुकडा फ्लुओरोकार्बनचा घेतला, तरी पाच-पन्नास यार्डांचे रीळ वर्षानुवर्षे पुरते. गाठ म्हणजे एक कच्चा दुवा वाढला, अशी हरकत घेतली जाते. ती अगदीच खोटी नाही, पण ओली करून नीट आवळलेली गाठ लहान माशांच्या कामात सहसा दगा देत नाही. आणि माशाला जे कळते ते केवळ डोळ्यानेच कळत नाही. त्याच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना पाण्यातील कंप टिपणारी रेषा असते. दोरी जाड व ताठ असेल, तर आमिष अनैसर्गिक हलते आणि ते मासा अंधारातही ओळखतो. तेव्हा खर्च करायचाच, तर रंगाच्या नावावर न करता बारीकपणावर आणि मऊपणावर करावा.

आता माणसाच्या डोळ्याला काय हवे, ते पाहू. बर्फावर खाली पांढरे, वर राखाडी आणि मध्ये डोळ्यांत पाणी आणणारा वारा. या पार्श्वभूमीवर पारदर्शक दोरी तिच्या मालकापासून तत्काळ लपते. माशापासून लपते की नाही, हा वादाचा विषय आहे. उघड्यावर बसायचे असेल, तर पांढऱ्या हिमावर उठून दिसणारा रंग घ्यावा: काळा, गडद निळा, तांबडा किंवा भडक नारिंगी. फिकट पिवळा हिमावर हरवतो. उलट तंबूच्या किंवा लाकडी खोपटाच्या काळोखात बसायचे असेल, तर काळी दोरी कुचकामी आणि चकाकणारी पिवळी-हिरवी उत्तम, कारण माणसाचा डोळा पिवळसर हिरव्या प्रकाशालाच सर्वांत अधिक संवेदनशील असतो. एकाच माणसाच्या दोन दोऱ्या असतील, तर दोन रंगांच्या असाव्यात; गुंतल्या, तर सोडवताना कोणती कुठली हे कळते. टिप-अपच्या दोरीची वेटोळी मासा ओढताना बर्फावर पडतात. ती गडद रंगाची असतील तरच पळत येणाऱ्या पोराच्या पायात अडकत नाहीत, आणि दोरीच्या टोकाला गळ असतो, हे विसरू नये. काही विणलेल्या दोऱ्यांवर ठराविक अंतराने रंग बदललेला असतो. किती दोरी खाली गेली हे त्यावरून मोजता येते. रंगाचा एवढा सरळ उपयोग दुसरा नाही, कारण त्या रंगापाशी माप आहे.

युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे बारांमागे एकाला तांबडा-हिरवा भेद नीट कळत नाही. आपल्यातही असे पुरुष आहेत. माझ्या वयाच्या माणसांना मोतीबिंदूची झाक आलेली असते. सुनेच्या किंवा जावयाच्या आग्रहाखातर तळ्यावर गेलेल्या आजोबांच्या हाती न दिसणारी दोरी देणे म्हणजे त्यांना निमित्तमात्र बसवून ठेवणे होय. त्यांच्या हाती दिसणारी दोरी दिली, तर त्या दिवसाचा पहिला मासा त्यांचाही असू शकतो.

गंमत अशी, की या विचाराने लाल दोरीचे रीळ पुन्हा आपल्या टोपलीत येते. उघड्या बर्फावर बसणाऱ्याने लाल दोरी खुशाल घ्यावी. ती माशाला दिसत नाही म्हणून नव्हे, ती आपल्याला दिसते म्हणून. माल तोच, कारण मात्र वेष्टनावर छापलेल्या कारणाच्या नेमके उलट.

राहिला तिसरा आरोप, आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. बर्फावर दोरी तुटते, गुंतते, कापून फेकली जाते. पारदर्शक दोरीचे तुकडे हिमात पडले, की उचलायचे म्हटले तरी सापडत नाहीत. वसंतात बर्फ वितळतो आणि ते सारे तळ्यात उतरते. नायलॉन कुजत नाही. फ्लुओरोकार्बन तर त्याहून चिवट. त्याच वसंतात लून हा मिनेसोटाचा राज्यपक्षी आपल्या तळ्यांवर परततो. दोरीत गुंतलेले आणि शिशाची वजने गिळून विषबाधा झालेले लून ही तेथील जुनी व्यथा आहे. बर्फावर कचरा टाकण्याविरुद्ध मिनेसोटाने २०२३ साली कायदा केला. कायदा चांगला आहे. पण जे डोळ्याला दिसतच नाही, ते उचलणार कोण आणि कायद्याचा अंमलदार दाखवणार काय?

हे आपल्याला परके वाटू नये. बडोद्यात उत्तरायणाला आणि इंदुरात संक्रांतीला पतंगाच्या नावाखाली जो नायलॉनचा मांजा आकाशात चढतो, तो जातीने याच दोरीचा सख्खा भाऊ आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली त्यावर देशभर बंदी घातली. तरी तो चोरून विकला जातो. पक्ष्यांचे पंख आणि दुचाकीस्वारांचे गळे तो कापतो, याला त्याची ताकद आणि त्यावरची काच जितकी कारण आहे, तितकेच त्याचे न दिसणेही कारण आहे. सुती मांजा गुलाबी, जांभळा रंगवला जाई, तो दुरून दिसे. न तुटणारी आणि न दिसणारी वस्तू उघड्यावर सोडणे हा अपराध आहे, मग ती खिडकीबाहेरच्या तारेला लोंबत असो, की तळ्याच्या बर्फात रुतलेली असो. येथे मांजाविरुद्ध बोलायचे आणि तिकडे मुलाने आणलेल्या अदृश्य दोरीचे कौतुक करायचे, ही विसंगती आपण सोडली पाहिजे.

यावर कोणी म्हणेल, रंगीत दोरीही टाकणारे टाकतातच. टाकतात. पण टाकलेली दिसते, दिसली तर दुसरा कोणी उचलतो, आणि आपली दोरी सर्वांना दिसते आहे, या जाणिवेने पुष्कळजण स्वतःच उचलतात. सरकारी नोकरीत चाळीस वर्षे माणसे पाहिल्यावर मला एवढे नक्की सांगता येते, की बहुतेक लोक वाईट नसतात. त्यांना फक्त कोणी पाहत असलेले बरे असते.

तेव्हा येत्या हिवाळ्यात ज्यांची मुले तिकडे असतील, त्यांनी एवढे कळवावे. बाहेर बसायचे असेल तर काळी, गडद निळी, तांबडी किंवा नारिंगी दोरी. तंबूत बसायचे असेल तर पिवळी-हिरवी. गळाजवळ दोन-तीन फूट बारीक पारदर्शक तुकडा. पाणी तांबूस आहे की निवळ, हे भोकात डोकावून पाहिल्याशिवाय रंगाची चर्चा नको. आणि निघताना कापलेला प्रत्येक तुकडा खिशात. बर्फ ४ इंच आहे की नाही, हे मोजल्याशिवाय तर पाऊलही नको. दुकानदार 'अदृश्य' म्हणाला, तर त्याला नम्रपणे विचारावे, "कोणाला?"